नहारची पाटी

माणसानं माफ करावं, असं मला आयुष्यात पुष्कळांनी सांगितलं. सांगणाऱ्यांचं काही गेलेलं नसतं. माझं गेलं होतं, म्हणून मी माफ केलं नाही, आणि आता ऐंशी ओलांडल्यावर करायचा विचारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून भलती अपेक्षा ठेवायला नको.

निजामाच्या राज्याची शेवटची काही वर्षं मी परभणीच्या एका दवाखान्यात नर्स होते. पण त्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले ती नर्स म्हणून नव्हे. नवऱ्याला घेऊन गेले होते. माझं सासर झरीचं, बऱ्यापैकी शेतीवाडी असलेलं. सासरे नव्हते. घरात सासू, नवरा, धाकटा दीर आणि मी. नवरा कमी बोलणारा, कामाला वाघ. त्याला अंतर्गळाचा त्रास होता. औत धरलं की जांघेत गोळा उतरायचा आणि तो बांधावर जाऊन निजायचा. गोळा वर सरकला की पुन्हा औताला. शेवटी ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं.

सोबत दीर आला, कारण दीर उर्दू शिकलेला. चौथी पास. त्या काळी सगळा सरकारी कारभार उर्दूत चालायचा, त्यामुळं गावात कुणाकडं काही कागद आला की तो आधी आमच्या ओट्यावर यायचा. दीर अक्षराखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचायचा आणि मग त्याचा अर्थ सांगायचा. वाचण्यापेक्षा सांगण्याचा थाट जास्त. सासू दारात उभी राहून लेकाकडं बघायची, तेव्हा तिचा पदर सुद्धा अभिमानानं फुगलेला वाटायचा. मलाही त्याचं कौतुक होतं. खोटं कशाला बोलू?

दवाखान्यात तेव्हा रोग्याचं जेवणखाण नातेवाईकच बघायचे. आम्ही मागच्या लिंबाखाली तीन दगडांची चूल मांडली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी एका माणसानं येऊन नवऱ्याच्या खाटेच्या पायथ्याला पत्र्याची एक पाटी अडकवली आणि तो निघून गेला. काळी पाटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात उर्दू अक्षरं. मी दिराला विचारलं, "भावजी, काय लिवलंय ह्याच्यावर?"

त्यानं बोट लावलं. "नून, हे, अलिफ, रे. नहार." थोडा थांबला. मग हसून म्हणाला, "न्याहारी की ओ वैनी! सकाळी न्याहारी द्या म्हनायलेत. कापाकापी सोसायची तर पोटात काई पायजे का न्हाई?"

पटण्यासारखंच होतं. मी सूर्य उगवायच्या आत उठून दोन भाकरी भाजल्या, पिठलं केलं. नवऱ्याला भीतीनं घास जात नव्हता. मी त्याला भरवलं. शेवटचा अर्धा कोर तो नको म्हणत होता, तोही मी दटावून खायला लावला. मग त्याला आत नेलं, भूल दिली, आणि भुलीत त्याला उलटी झाली. ती घशात अडकली. कापायच्या आधीच माझा नवरा संपला.

डॉक्टर बाहेर आला तो ओरडतच. उर्दूत काय बोलत होता ते मला कळत नव्हतं. 'नहार' एवढा एक शब्द दोनदा ऐकू आला. तो दिराकडं बघून काहीतरी विचारत होता. दिराचा चेहरा पांढरा पडला. मग त्यानं हात उचलला आणि माझ्याकडं बोट केलं. "औरत" असं काहीसं म्हणाला. मला वाटलं, मी कोण हे सांगतोय. मयताची बायको म्हणून ओळख करून देतोय. मी त्या डॉक्टरपुढं हात जोडले.

हात जोडले! आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना सुद्धा माझ्या तळव्यांना घाम येतो.

घरी गेल्यावर तेराव्याच्या आतच सगळं बाहेर पडलं. दीर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, डॉक्टरनं उपाशी ठेवा म्हणून बजावलं होतं, हिनं खाऊ घातलं. मी म्हणाले, भावजींनीच न्याहारी द्या म्हणून सांगितलं. त्यावर तो भर लोकांत म्हणाला, "म्या? उर्दू चौथी पास मानूस म्या, मला नहार कळत न्हाई व्हय?" झालं. ह्याच्यापुढं बोलणार काय? ज्याच्याकडून सारं गाव कागद वाचून घेतं, तो वाचण्यात चुकेल हे कुणाच्या डोक्यात शिरणार? सासू छाती बडवत म्हणाली, "माज्या लेकराला घास भरवून भरवून मारलं हिनं." महिन्याच्या आत मला पिंगळीला माहेरी आणून सोडलं. गाडीतून उतरले तेव्हा सोबत एक गाठोडं होतं.

खरं सांगायचं तर नंतर नंतर माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. तो उपाशी म्हणाला असेल आणि मी न्याहारी ऐकलं असेल. दोन वर्षं मी भाकरी भाजायला बसले की ती तव्यावर करपेपर्यंत नुसती बघत राहायचे. आई म्हणायची, राहू दे, मी करते. पिंगळीच्या बायका पोरांना माझ्या हातचं खाऊ देत नसत. तोंडावर कुणी बोलत नसे, पण पोरगं माझ्याकडं आलं की आतून हाक यायची.

मग आईच आजारी पडली. लांबलेला ताप. परभणीला त्याच दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं हैदराबादहून आलेली मोठी नर्स होती, सगळे तिला आपा म्हणत. धिप्पाड बाई, आवाज असा की वऱ्हांड्याच्या त्या टोकाचा रोगी उठून बसावा. मी आईला कुशीवर कशी वळवते, पाठीखाली घड्या पडू नयेत म्हणून चादर कशी ताणते, हे ती दोनतीन दिवस बघत होती. एक दिवस म्हणाली, "तेरा हात अच्छा है गे. काम सीखती क्या?"

माझा हात अच्छा! ज्या हाताचं कुणी पाणी पीत नव्हतं तो. मी हो म्हणाले. आई बरी होऊन आम्ही घरी आलो, तेव्हा वडील चार दिवस बोलले नाहीत, मग एक दिवस स्वतःच मला आगगाडीत बसवून दिलं.

आपानं मला शिकवलं ते हाताला धरून आणि कानाला धरून. जखम धुताना आपल्या चेहऱ्यावर किळस दिसता कामा नये, रोग्याची नजर जखमेवर नसते, आपल्या तोंडावर असते. शौचाचं भांडं द्यायचं ते आधी गरम पाण्यानं धुऊन, कारण थंड पत्रा लागला की म्हातारी माणसं आखडतात. काचेची नळी काखेत लावून ताप कसा बघायचा. नाडी मोजताना बोलायचं नाही. अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी वळवायचं, मग तो शिव्या देवो की आशीर्वाद. मी पाठ केलं, केलं आणि केलं. शुक्रवारी सुट्टी असायची, तेव्हा आपा मला अलिफ बे शिकवायची, कारण औषधाच्या बाटल्यांवरची नावं वाचता आली नाहीत तर नर्स काय कामाची?

अक्षरं जुळायला लागली तसं मी दिसेल ते वाचू लागले. एका शुक्रवारी आम्ही कपाट आवरत होतो. तळाशी पत्र्याच्या पाट्यांची चळत होती. मी वरची उचलली आणि कौतुकानं बोट लावून वाचली. नून, हे, अलिफ, रे.

"आपा, न्याहारीची पाटी?" मी विचारलं.

आपा हसायला लागली. "न्याहारी नै गे हौली! नहार. नहार मूं. पेट में दाना नक्को, पानी बी नक्को. बेहोशी देने के पैले." मग ती म्हणाली, "तुम मरेठी लोगां हमेशा ये गलती करते."

मी पाटी हातात घेऊन तिथंच बसले. म्हणजे मी चुकीचं ऐकलं नव्हतं. तो उपाशी म्हणालाच नव्हता. त्यानं वाचलं बरोबर आणि सांगितलं चूक, आणि डॉक्टर ओरडला त्या क्षणी त्याला आपली चूक कळली. कळली म्हणूनच त्यानं बोट उचललं. चूक कुणाचीही होते, मी आजही म्हणते, त्या चुकीसाठी मी त्याला एक शब्द बोलले नसते. दोघं मिळून रडलो असतो. पण बोट काही चुकून उठत नाही.

मी आपाला सगळं सांगितलं. तिनं माझ्या हातातली पाटी काढून कपाटात ठेवली. मग म्हणाली, "कल वो मरीज बन के आया तो? तो वो मरीज है. याद रख." मी मान हलवली आणि मनात म्हणाले, येऊ दे तर खरं.

त्या दिवसापासून मी त्याची वाट बघू लागले. लोक देवाकडं काय काय मागतात. मी दिराला दुखणं मागायचे. झरीहून बैलगाडी आली म्हणलं की हातातलं काम टाकून बघायला जायचे. दुसऱ्याच कुणाला उतरवत असले की माझा जीव खट्टू व्हायचा. हे काही चांगल्या नर्सचं लक्षण नव्हे, पण मी वाईट नर्स नव्हते. एवढ्या वर्षांत माझ्या एकाही रोग्याच्या पाठीला जखम झाली नाही.

तो आला. पाच वर्षांनी आला. मूतखड्यानं वाकडा झालेला, गाडीत पालथा निजून. सोबत सासू आणि त्याची बायको. बायको माझ्या मागून आलेली, वीस-बावीसची, तिनं मला कधी पाहिलेलं नव्हतं. सासूनं पाहिलं आणि पदर तोंडावर ओढला. दिरानं मला पांढऱ्या लुगड्यात खाटेशी उभी पाहिलं तेव्हा तो कण्हायचा थांबला. त्याचं दुखणं पळून गेलं की काय, असं क्षणभर वाटलं.

"वैनी, तुमी हितं?" तो म्हणाला.

"हितंच," मी म्हणाले, "तुमीच घराभाईर काढलं व्हतं."

तीन दिवस मी त्याची सेवा अशी केली की आपासुद्धा खूश झाली. शेक दिला, भांडं दिलं, अंग पुसलं. तो माझ्याकडं बघायचा नाही. मी मात्र त्याच्याकडं डोळे भरून बघायचे. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी ऑपरेशन. संध्याकाळी मी कपाटातून पाटी काढली, पदरानं पुसली आणि त्याच्या खाटेच्या पायथ्याला अडकवली. सासू उशाशी बसली होती, बायको पाय चेपत होती.

"भावजी, वाचा बरं काय लिवलंय," मी म्हणाले.

त्यानं मान भिंतीकडं वळवली.

"उर्दू चौथी पास हाव तुमी. बायकूला तरी वाचून दाखवा."

"डोळ्याला दिसत न्हाई," तो पुटपुटला.

"असू द्या. म्या वाचते." मी बोट लावलं, त्यानं लावलं होतं तसंच. "नून, हे, अलिफ, रे. नहार. म्हंजी न्याहारी." मग मी त्याच्या बायकोकडं वळले. "बाई, सकाळी लवकर उठा. भाकरी करा, पिठलं करा. पोटभर खाऊ घाला. न्हाई म्हनले तर दटावून घाला."

"बरं बाई," ती बिचारी म्हणाली.

मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. एक शब्द बोलायचा होता त्याला. उपाशी, एवढंच. पण तो बोलला तर आईसमोर कबूल होणार होतं की त्याला नहार कळतं, की त्या वेळी त्यानं कुणाला काय सांगितलं होतं. तो बोलला नाही. त्यानं डोळे मिटले. तेव्हा मला कळलं की हा माणूस जीव जायची वेळ आली तरी आपला मोठेपणा सोडणार नाही, आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली.

सकाळी उजाडताच मी खाटेच्या पायथ्याला जाऊन उभी राहिले. हात बांधून. त्याची बायको फडक्यात भाकरी घेऊन आली, वाफ निघत होती. तिनं कोर मोडला, पिठलं लावलं आणि त्याच्या तोंडापाशी नेला. त्यानं तोंड फिरवलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "दटावा."

मी तिचा हात धरला असता का? लोक विचारतात, आणि मी विचारणाऱ्याचं तोंड बघून उत्तर देते. खरं उत्तर मला माहीत नाही. मी माझ्या जागेवरून हलले नव्हते, एवढं आठवतं.

"खा की ओ, नरसबाई म्हनायल्यात ना," बायको रडकुंडीला आली. घास त्याच्या ओठाला लागला. त्यानं तिच्या हाताला असा फटका मारला की भाकरी भिंतीवर जाऊन आदळली.

"उपाशी!" तो ओरडला. "नहार म्हंजी उपाशी! मारतीस काय मला?"

आजूबाजूच्या खाटांवरचे रोगी उठून बसले. मी हळू आवाजात विचारलं, "कवापासून म्हाईत हाय, भावजी?"

तो रडायला लागला. "त्याच दिशी. डाक्तर बोलला तवाच." मग बायकोकडं बघून म्हणाला, "म्याच सांगितलं व्हतं वैनीला. न्याहारी द्या म्हनून म्याच सांगितलं."

झालं होतं. माझ्या जिवाला जे हवं होतं ते झालं होतं, चारचौघांत, त्याच्याच तोंडून. पण मी त्याच्याकडं बघतच नव्हते. मी सासूकडं वळले होते. मला तिचा चेहरा बघायचा होता. छाती बडवून मला हाकलणारी ती बाई आता काय करते, ह्याच्यासाठी मी एवढी वर्षं काढली होती. लेकाच्या थोबाडीत मारेल, की माझ्या पाया पडेल? दोन्ही मी मनात हजारदा बघितलं होतं.

सासू खाली वाकून भाकरीचे तुकडे गोळा करत होती. वर न बघता म्हणाली, "मला म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"समदं. त्यानं घरी आल्या आल्या माज्या मांडीवर डोकं ठिवून सांगितलं व्हतं." तिनं तुकडे फडक्यात बांधले. "एक लेक गेला व्हता. गावानं दुसऱ्याच्या तोंडात शेण घातलं असतं तर त्यो हिरीत उडी टाकून मेला असता. तू परक्याची. तुला सोसंल म्हनलं."

तिच्या आवाजात लाज नव्हती, राग नव्हता. बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं तिनं सांगितलं. म्हणजे छाती बडवत होती तेव्हाही तिला सगळं माहीत होतं. मी ज्या खऱ्यासाठी जळत होते ते तिच्या पदराच्या गाठीला आधीपासूनच होतं, आणि ती त्या गाठीवर सुखानं झोपत होती. आपा दारात उभी होती. तिनं काय काय ऐकलं कुणास ठाऊक. ती आत आली, मला दंडाला धरून बाजूला केलं आणि एवढंच म्हणाली, "मरीज को अंदर ले. तू इच ले."

मीच आत नेलं. भूल देताना त्याचं डोकं मीच धरलं. त्यानं शेवटी माझा हात घट्ट पकडला, मी तो सोडवला नाही, आणि त्याचं श्रेय मला नको, भुलीत जाणारे सगळेच पकडतात. खडा निघाला. तो जगला. पुढं दोन आठवडे त्याचं सगळं मीच केलं. आपा दुसरीला लावत होती, मी लावू दिलं नाही. रोज सकाळी तो म्हणायचा, "वैनी, माफ करा." रोज सकाळी मी म्हणायचे, "कूस वळा." ते दोन आठवडे माझ्या आयुष्यातले फार गोड दिवस होते.

जाण्याच्या दिवशी सासू माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "झालं गेलं," ती म्हणाली. "आता समद्यांनी ऐकलंय. चल घरी. तुजं घर हाय ते."

मी तिच्या गाठोड्याची सुटलेली गाठ नीट बांधून दिली. "मी न्हाई यायची, आत्याबाई," मी म्हणाले. "पर तुमी या. कवा आजारी पडल्या तर हितंच या. मी हाय. म्या माज्या हातानं भरवीन तुमाला."

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि मी पहिल्यांदा तिला घाबरलेलं बघितलं. ती घाईघाईनं गाडीत चढली.

दोन वर्षांनी तिला थंडीताप आला. माझी जाऊ, ती भाकरी घेऊन आलेली पोर, कशासाठी तरी परभणीला आली होती तेव्हा मुद्दाम मला भेटून सांगून गेली. गाडी जुंपली होती, गादी टाकली होती. म्हातारी उंबऱ्याला धरून बसली आणि म्हणाली, कुठंबी न्या, तिच्या दवाखान्यात नगं. मग घरातच काढा देत राहिले. नवव्या दिवशी ती गेली.

मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं आपा म्हणाली. पण जाऊ गेल्यावर मी औषधाच्या खोलीत जाऊन उगीचच उभी राहिले. साधा हिवताप होता. आठ दिवसांत उठून बसली असती. मी तिला बरं करून, अंघोळ घालून, वेणी घालून झरीला पाठवलं असतं, आणि उरलेला जन्म तिला माझ्या हातचं जगायला लावलं असतं. ते तिनं मला करू दिलं नाही. हिवतापावरच्या कोयनेलची बरणी समोर फळीवर होती, गळ्यापर्यंत भरलेली.